सी भाषेत दशांश संख्येची स्ट्रिंग: किती अंक लिहायचे आणि कोणासाठी

दूध संकलन केंद्रासाठी इलेक्ट्रॉनिक काटा तयार करणाऱ्या एका अभियंत्याने तीन प्रश्न विचारले आहेत. काट्यात ३२ बिटांचा मायक्रोकंट्रोलर असून त्याचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला आहे. लोडसेलचा (वजनाचा दाब विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचा) सिग्नल एचएक्स७११ या २४ बिटांच्या चिपमधून आकड्याच्या रूपात मिळतो आणि त्या आकड्याला कॅलिब्रेशन फॅक्टरने गुणले की वजन किलोमध्ये येते. हा फॅक्टर मेमरी कार्डावरील सेटिंगच्या फाइलमध्ये मजकूर म्हणून साठवला जातो. त्यांचा पहिला प्रश्न असा, की पूर्णांकाची स्ट्रिंग (मजकूर) करणारे आयटूए हे फंक्शन मिळते, तर डबलसाठी, म्हणजे दशांश संख्या साठवणाऱ्या प्रकारासाठी, तसे एफटूए का मिळत नाही आणि त्याऐवजी काय वापरावे. दुसरा प्रश्न असा, की कॅलिब्रेशनच्या वेळी फॅक्टर ०.००००१४३४ निघतो आणि तेव्हा काटा अचूक चालतो, परंतु बंद करून पुन्हा चालू केला की ४० किलोचे प्रमाणित वजन ३९.०५ किलो दाखवले जाते. तिसरा प्रश्न पावतीचा आहे: लिटरमागे २.६७५ रुपये दरफरक असेल तर काट्याच्या पावतीवर २.६७ छापले जाते आणि केंद्रावरच्या संगणकात मात्र २.६८ दिसते.

वरवर पाहता हे तीन वेगळे दोष वाटतात. माझ्या मते तिघांचे मूळ एकच आहे. डबलची स्ट्रिंग कशी करायची हे विचारण्याआधी ती स्ट्रिंग कोण वाचणार हे ठरवलेले नाही. माणसाने वाचायची स्ट्रिंग आणि यंत्राने परत वाचून तीच संख्या उभी करायची स्ट्रिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत किती अंक दाखवायचे हे व्यवहार ठरवतो, तर दुसरीत ते गणित ठरवते. तुमच्या प्रोग्राममध्ये दोन्हीकडे एकच "%एफ" (दशांश संख्या छापण्याची खूण) वापरले गेले आहे आणि तेथेच गडबड झाली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. आयटूए हेसुद्धा सी भाषेच्या मानकातील फंक्शन नाही. काही कंपायलर ते सोयीसाठी पुरवतात, म्हणून ते सर्वत्र असते असा समज होतो. एफटूएचेही तसेच आहे. जुन्या युनिक्सवर ईसीव्हीटी, एफसीव्हीटी आणि जीसीव्हीटी अशी तीन फंक्शने होती, परंतु त्यांपैकी पहिली दोन आपले उत्तर स्वतःच्या स्थिर बफरमध्ये (मेमरीतील राखीव जागेत) ठेवत असल्याने पुढच्या हाकेला आधीचे उत्तर पुसले जाई. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स मानकाने २००८ च्या आवृत्तीत ही तिन्ही काढून टाकली, त्यामुळे नव्या कामात ती घेऊ नयेत. मानकातले खरे साधन म्हणजे दिलेल्या साच्यात स्ट्रिंग लिहिणारे एसएनप्रिंटएफ हेच आहे, जे १९९९ च्या मानकापासून भाषेत आहे. २०२३ च्या मानकात स्ट्रफ्रॉमडी आणि स्ट्रफ्रॉमएफ अशी, फक्त एकाच संख्येचे रूपांतर करणारी फंक्शने आली आहेत. ग्नू सी लायब्ररीत ती त्याआधीच, २०१७ च्या २.२५ आवृत्तीपासून मिळतात. त्यांचे वागणे एसएनप्रिंटएफसारखेच ठरवलेले असल्यामुळे खाली जे सांगतो ते त्यांनाही लागू आहे.

एसएनप्रिंटएफचे जुने रूप असलेले एसप्रिंटएफ मात्र वापरू नका. त्याला बफरचा आकार ठाऊक नसतो. "%एफ" ने छापलेली संख्या फार तर दहा-बारा अक्षरांची असेल असे आपण गृहीत धरतो, परंतु डबलमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात एवढी आहे. ती "%एफ" ने छापली तर दशांश चिन्हाआधी ३०९ अंक, एक चिन्ह, नंतर ६ अंक, ऋण असल्यास उणे चिन्ह आणि शेवटचे शून्य-अक्षर असे ३१८ बाइट लागतात. तुमच्या काट्यावर एवढे वजन कधीच येणार नाही हे खरे. पण मेमरी बिघडली, भागाकारात भाजक फार लहान आला किंवा न भरलेले चल छापले गेले की अशाच संख्या बाहेर पडतात आणि नेमक्या त्याच वेळी बफर फुटतो. एसएनप्रिंटएफला बफरचा आकार द्यावा आणि त्याने परत दिलेली संख्या तपासावी. ही संख्या म्हणजे पूर्ण स्ट्रिंग लिहायला किती अक्षरे लागली असती याचा आकडा असतो, शेवटचे शून्य-अक्षर सोडून. ती ऋण असेल किंवा बफरच्या आकाराएवढी वा त्याहून मोठी असेल, तर बफरमधली स्ट्रिंग वापरायची नाही. येथे हयगय का करू नये हे एका उदाहरणावरून कळेल: पाच बाइटांच्या बफरमध्ये १२३४५६७ छापायला गेल्यास १२३४ एवढेच उरते आणि ते दिसायला पूर्णपणे वैध असे दिसते. अर्धवट तुटलेले नाव पाहणाऱ्याच्या लक्षात येते, अर्धवट तुटलेली संख्या येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीतील अधोरेखेने सुरू होणारे याच नावाचे फंक्शन जागा कमी पडल्यास ऋण संख्या देई आणि शेवटचे शून्य-अक्षरही लिहीत नसे. मानकाप्रमाणे वागणारे फंक्शन तेथे व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून आहे, तेव्हा संगणकावरचा प्रोग्राम त्याहून जुन्या कंपायलरवर बांधला जात असेल तर हे आधी तपासा.

आता दुसरा प्रश्न. तो माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात शेतकऱ्याच्या प्रत्येक कॅनमागे जवळजवळ एक किलो दूध हिशोबातून गळते आहे.

"%एफ" ला दशांश स्थळांची संख्या सांगितली नाही तर तो चिन्हानंतर ६ स्थळे छापतो. तुमचा फॅक्टर ०.००००१४३४ आहे. त्याची पहिली चार स्थळे शून्यांतच खर्च होतात, पाचव्या आणि सहाव्या स्थळावर १ आणि ४ येतात आणि ३४ हा शेवटचा भाग गळून पडतो. कार्डावर लिहिले जाते ०.००००१४. पुढच्या वेळी काटा तेच वाचतो. ४० किलोच्या वजनाला चिपकडून सुमारे २७ लाख ८९ हजार ४०० हा आकडा मिळत असेल, तर त्याला ०.००००१४३४ ने गुणून ४० येतात आणि ०.००००१४ ने गुणून ३९.०५. चुकीचे प्रमाण २.४ टक्के आहे. लोडसेल आणखी संवेदनशील असता आणि फॅक्टर ०.००००००४ च्या आसपास असता, तर फाइलमध्ये ०.०००००० गेले असते, काटा सरळ शून्य दाखवू लागला असता आणि दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. दोन टक्क्यांची चूक लोडसेलच्या माथी मारली जाते, म्हणून ती टिकून राहते.

येथे समजून घेण्याची गोष्ट ही, की "%एफ" मधील आकडा दशांश चिन्हानंतरची स्थळे मोजतो, सार्थ अंक (पहिल्या शून्येतर अंकापासूनचे अंक) मोजत नाही. फ्लोटिंग-पॉइंट संख्येत साठवणूक नेमकी उलट असते: तेथे सार्थ अंकांची संख्या ठरलेली असते आणि चिन्हाची जागा घातांकाप्रमाणे सरकते. म्हणून साठवणुकीसाठी सार्थ अंक मोजणारे "%जी" किंवा "%ई" हेच योग्य ठरते. "%जी" ला काही न सांगता वापरले तरी तो ६ सार्थ अंक ठेवतो आणि तुमचा फॅक्टर १.४३४ई-०५ असा लिहितो, जो स्ट्रिंगची परत संख्या करणारे स्ट्रटूडी व्यवस्थित वाचते. पण ६ अंक हेही पुरेसे आहेत असे समजू नका.

किती अंक लागतात याचे उत्तर अंदाजाने देण्याचे नाही. आयट्रिपलई ७५४ या १९८५ च्या मानकाप्रमाणे डबल ६४ बिटांचा असतो: एक बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकाचे. त्यात न लिहिलेला आघाडीचा एक बिट धरून अचूकता ५३ बिटांची होते. शेजारशेजारच्या दोन डबल संख्यांना नेहमी वेगवेगळ्या दशांश स्ट्रिंग मिळाव्यात असे हवे असेल, तर १० चा (अंकसंख्या उणे १) इतका घात २ च्या ५३ व्या घातापेक्षा मोठा असावा लागतो. २ चा ५३ वा घात सुमारे ९.००७ गुणिले १० चा १५ वा घात आहे. म्हणजे अंकसंख्या उणे १ ही किमान १६ हवी आणि अंकसंख्या १७. फ्लोट या ३२ बिटांच्या लहान प्रकारासाठी अचूकता २४ बिटांची, २ चा २४ वा घात १,६७,७७,२१६, म्हणून ९ अंक. ही दोन्ही मूल्ये सी११ पासून फ्लोट डॉट एच या हेडरमध्ये स्थिरांक म्हणून दिलेली आहेत, तेव्हा १७ आणि ९ हे आकडे स्वतः लिहिण्याऐवजी ते स्थिरांक वापरले तर अधिक चांगले. त्याच हेडरमधील १५ आणि ६ या स्थिरांकांशी मात्र गल्लत करू नये. ते उलट्या दिशेचे आहेत: १५ अंकांपर्यंतची कोणतीही दशांश स्ट्रिंग डबलमध्ये जाऊन परत तशीच निघते, एवढेच ते सांगतात.

तेव्हा फाइलमध्ये फॅक्टर लिहिताना चल डबल असेल तर "%.१७जी", फ्लोट असेल तर "%.९जी" वापरावे. "%ई" पसंत असेल तर लक्षात ठेवा, की त्यातील आकडा चिन्हानंतरचे अंक मोजतो आणि चिन्हाआधीचा एक वेगळा असतो, म्हणून १७ सार्थ अंकांसाठी "%.१६ई" लिहावे लागते. वाचताना तेच काम करणारे एटूएफ टाळून स्ट्रटूडी घ्यावे, कारण एटूएफला वाचता न आलेली स्ट्रिंग आणि खरोखरचे शून्य यांतला फरक सांगता येत नाही. कॅलिब्रेशनची फाइल कोरी निघाली तर फॅक्टर निमूटपणे शून्य होणे हे कोणालाच परवडणारे नाही.

फाइल माणसाला वाचायची नसेल तर १९९९ च्या मानकापासून "%ए" हाही पर्याय आहे. तो संख्या षोडशमान पद्धतीत लिहितो. द्विमान बिट चारचारच्या गटाने जसेच्या तसे उतरत असल्यामुळे तेथे अंक गळण्याचा प्रश्नच येत नाही आणि स्ट्रटूडी ते परत वाचते. मी स्वतः सेटिंगच्या फाइलसाठी दशांश रूपच पसंत करतो. शेतात वा केंद्रावर यंत्र तपासायला गेलेल्या तंत्रज्ञाला फाइल उघडून फॅक्टर डोळ्यांनी पाहता आला पाहिजे.

"%.१७जी" वापरायला सुरुवात केली की पुढची तक्रार हमखास येते: ०.१ लिहिले तर फाइलमध्ये ०.१०००००००००००००००१ असे दिसते, म्हणजे काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नाही. एकतृतीयांश जसा दशांश पद्धतीत संपत नाही, तसा एकदशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. त्यामुळे डबलमध्ये ०.१ कधीच नसतो, त्याच्या सर्वांत जवळची संख्या असते आणि ती नेमकी ०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५ एवढी आहे. १७ अंकांत ती तशीच दिसणार. शिवाय फ्लोट चल एसएनप्रिंटएफकडे जाताना आपोआप डबल होते, म्हणून फ्लोटमधला ०.१ हा "%.१७जी" ने छापला तर ०.१०००००००१४९०११६१२ असा निघतो. ही शेपटी नवीन तयार झालेली नाही, ती फ्लोटमध्ये पहिल्यापासूनच होती. फ्लोटसाठी १७ अंक मागणे निरर्थक आहे, ते एवढ्यासाठीच.

ज्यांना ही शेपटी खुपते त्यांच्यासाठी एक साधी युक्ती आहे. आधी "%.१५जी" ने लिहावे, स्ट्रटूडीने परत वाचून मूळ संख्येशी तुलना करावी, जुळली नाही तर १६ अंक, तरीही नाही तर १७. सीजेसन ही लायब्ररीही साधारण याच वाटेने जाते, फक्त ती १५ वरून थेट १७ वर उडी घेते. अशाने ०.१ हा ०.१ असाच उतरतो आणि ०.१ अधिक ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी, म्हणजे जशी आहे तशी, दिसते. खरोखर कमीत कमी अंकांची स्ट्रिंग हवी असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र अल्गोरिदम आहेत. गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी १९९० मध्ये हा प्रश्न नीट मांडून सोडवला, त्याच वर्षी डेव्हिड गे यांनी अचूक रूपांतराचा कोड दिला आणि तो पुढे पायथॉनसह अनेक भाषांत गेला. फ्लोरियन लॉइट्श यांचा २०१० चा ग्रिसू आणि उल्फ ॲडम्स यांचा २०१८ चा र्‍यू यांनी तेच काम फार वेगवान केले. सी++१७ मध्ये टू_कॅर्स हे फंक्शन हीच सोय देते. सी भाषेच्या मानकात ती अजून नाही. तुमच्या काट्याला तिची गरजही नाही. सेकंदाला लाखो संख्या लिहिणाऱ्या प्रणालींना ती लागते.

इतिहास सांगण्याचे कारण वेगळे आहे. अनेक जण कोड लहान ठेवण्यासाठी रूपांतर हाताने लिहितात: संख्येचा पूर्णांक भाग घ्यायचा, उरलेला भाग १०० ने गुणायचा आणि दोन्ही मध्ये टिंब घालून जोडायचे. चार ओळींत होणारे हे काम चार ठिकाणी चुकते. ३.०५ मधला अपूर्णांक ५ होतो आणि पुढे शून्य न भरल्यास ३.५ छापले जाते. उणे ०.५ चा पूर्णांक भाग शून्य असल्याने उणे चिन्हच नाहीसे होते, आणि टेअर केलेल्या (भांड्याचे वजन वजा करून शून्यावर आणलेल्या) काट्यावर अशी वाचने रोजची असतात. ७.९९९ ला दोन स्थळांवर आणताना अपूर्णांक भाग १०० होतो आणि हातचा पुढे न नेल्यास ७.१०० असे निघते. संख्या इंटमध्ये मावली नाही तर पुढे काय होईल याची हमी भाषा देत नाही. ही चारही छिद्रे बुजवता येतात, पण पाचवे उरतेच: १०० ने गुणण्याच्या क्रियेतही पूर्णांकन होते. १.१५ गुणिले १०० हे डबलमध्ये ११५ होत नाही, ११४.९९९९९९९९९९९९९९ होते आणि पूर्णांक भाग घेतला की ११४ उरतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच पाचव्या छिद्रात आहे. २.६७५ ही संख्या डबलमध्ये २.६७४९९९९९९९९९९९९८२२३६ अशी काहीशी, म्हणजे अर्ध्या पैशाच्या रेषेच्या किंचित खाली आहे. काट्यावर तुम्ही "%.२एफ" वापरता, चांगली लायब्ररी या खऱ्या मूल्याकडे पाहते, ते २.६७५ पेक्षा लहान आहे हे तिला दिसते आणि ती २.६७ छापते. ती चुकत नाही. संगणकावरचा प्रोग्राम, तुम्ही पाठवलेल्या तुकड्यावरून दिसते त्याप्रमाणे, आधी १०० ने गुणतो, मग राउंड फंक्शन लावतो. २६७ च्या आसपास डबलच्या दोन शेजारी संख्यांतले अंतर अधिक मोठे असते, त्यामुळे २६७.४९९९९… हा गुणाकार साठवताना नेमका २६७.५ वर जाऊन बसतो, राउंड त्याला २६८ करते आणि पडद्यावर २.६८ येते. एकाच संख्येवर दोन मार्ग वापरले गेले आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर चालले, म्हणून दोन पावत्या वेगळ्या आल्या.

आणखी एक फरक येथे लपलेला असतो. ०.१२५ सारखी संख्या द्विमान पद्धतीत अचूक बसते आणि दोन स्थळांवर आणताना खरोखर मध्यावर असते. ग्नूची लायब्ररी मध्यावरच्या संख्येला सम अंकाकडे नेते आणि ०.१२ छापते. विंडोजवर पूर्वी ०.१३ छापले जाई. विंडोज १० च्या २००४ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून तेथेही आयट्रिपलईचा नियम पाळला जातो. म्हणजे तोच प्रोग्राम, त्याच संख्या आणि केंद्रावरचा संगणक बदलला एवढ्याने पैशाचा फरक पडू शकतो.

यावर "%.२एफ" मध्ये एक हजारांश मिळवून पाहणे, संख्येला आधी १.००००००१ ने गुणणे असे उपाय सुचवले जातात. मी ते कटाक्षाने टाळतो. एक उदाहरण जुळते आणि दुसरे बिघडते. पैशाचा हिशोब डबलमध्ये करूच नये. दर आणि दरफरक पैशाच्या दहाव्या भागात, पूर्णांक म्हणून साठवा: २.६७५ रुपये म्हणजे २६७५. अर्धा पैसा वर न्यायचा की खाली, हे डेअरीने लिखित ठरवून द्यावे. वर न्यायचा ठरला तर २६७५ मध्ये ५ मिळवून १० ने भागा, २६८ पैसे येतात. ऋण रकमा असतील, उदाहरणार्थ कपाती, तर हा नियम त्यांच्यासाठी वेगळा लिहावा लागतो, कारण सी मधला पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे कापतो. छापताना रुपये म्हणजे १०० ने भागून आलेला भागाकार आणि पैसे म्हणजे बाकी. बाकीला "%०२एलडी" असे दोन अंकी, पुढे शून्य भरणारे रूप द्या. स्ट्रिंग करण्याच्या क्षणी तेथे पूर्णांकन उरलेलेच नसते, म्हणून काटा आणि संगणक यांच्यात फरक पडायला जागाच राहत नाही. वजन मात्र मोजमाप आहे, ते डबलमध्ये राहू द्या आणि पावतीवर "%.२एफ" ने छापा. रकमेचा हिशोब मात्र पावतीवर छापलेल्या वजनावरूनच करावा, आतल्या लांबलचक वजनावरून नव्हे. शेतकऱ्याने पावतीवरचा गुणाकार स्वतः करून पाहिला तर तो जुळला पाहिजे.

पावतीवर "%जी" वापरण्याचा मोह होतो, कारण तो मागची शून्ये काढतो. तेथे तो नको. ३.५० चे ३.५ होते, रांगा वाकड्या दिसतात आणि महिन्याचा एकूण आकडा १२३४५६७ झाला की तो १.२३४५७ई+०६ असा छापला जातो. लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर पॉसिक्स प्रणालींवर टक्क्यानंतर अवतरणचिन्ह देण्याची सोय आहे आणि भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा-प्रदेशानुसार संख्या लिहिण्याच्या पद्धतीची सेटिंग) लावला की ग्नू लायब्ररीवर १२,३४,५६७ असे गट पडतात. परंतु हे सी च्या मानकात नाही, त्यामुळे काट्यावर ते काम हाताने करावे लागेल.

लोकेलचा विषय निघालाच आहे तर त्यातला धोका सांगितलाच पाहिजे. सी चा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा लोकेल "सी" असतो आणि दशांश चिन्ह टिंब असते. प्रोग्रामने किंवा त्याने वापरलेल्या एखाद्या लायब्ररीने सेटलोकेल बोलावले, की ते वापरकर्त्याच्या संगणकाप्रमाणे बदलते. जीटीके आणि युनिक्सवर क्यूटी या पडद्यावरच्या खिडक्यांच्या लायब्ररी सुरू होतानाच हे करतात. भारतात सर्वत्र टिंबच असल्याने पुण्यात किंवा कोल्हापुरात चाचणी करताना काहीही दिसत नाही. तोच प्रोग्राम जर्मन वा फ्रेंच संगणकावर चालला की ३.५ चे ३,५ होते, सीएसव्ही फाइलमध्ये एका स्तंभाचे दोन होतात आणि स्ट्रटूडी ३.५ ही स्ट्रिंग वाचताना टिंबापाशी थांबून ३ देते. यंत्राने वाचायच्या स्ट्रिंग तयार करताना संख्येचा लोकेल "सी" असल्याची खात्री करा. प्रोग्राममध्ये एकाहून अधिक थ्रेड असतील तर सेटलोकेल मध्येच बदलणे सुरक्षित नाही. पॉसिक्सवर त्यासाठी फक्त त्या थ्रेडपुरता लोकेल बदलणारे यूजलोकेल आहे.

मायक्रोकंट्रोलरवर एक वेगळीच अडचण येते आणि तुमच्या पुढच्या मॉडेलमध्ये ती येईल म्हणून लिहितो. एआरएम कंट्रोलरसाठी जागा वाचवणारी न्यूलिब-नॅनो लायब्ररी निवडली तर तिच्यात "%एफ" चा कोड मुळात जोडलेला नसतो आणि संख्येच्या जागी रिकामी जागा येते. लिंकरला अंडरस्कोर-प्रिंटएफ-अंडरस्कोर-फ्लोट हे नाव "-यू" या पर्यायाने दिले की तो जोडला जातो. आर्डुइनोच्या जुन्या आठ बिटांच्या एव्हीआर बोर्डांवर याच कारणाने प्रश्नचिन्ह छापले जाते. तेथे डीटूस्ट्रएफ हे फंक्शन वापरतात, ज्याला संख्या, किमान रुंदी, दशांश स्थळे आणि बफर द्यावा लागतो. ते बफरचा आकार विचारत नाही, त्यामुळे जागेची जबाबदारी पूर्णपणे आपली. त्या बोर्डांवर डबल हा सहसा ३२ बिटांचाच असतो हेही ध्यानात असू द्या. तेथे १७ अंक मागून हाती काही लागत नाही. तेथे फॅक्टर मजकुरात न साठवता त्याचे चार बाइट जसेच्या तसे ईईप्रॉममध्ये ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

बदल केल्यावर चाचणी ४० किलोच्या वजनाने करालच, पण त्याआधी काही ठरावीक संख्या फाइलमध्ये लिहून परत वाचून बिटांनिशी ताडून पाहा: ०.१, तुमचा फॅक्टर, डबलची सर्वांत मोठी संख्या, सर्वांत लहान अशी ५ई-३२४, आणि उणे शून्य. उणे शून्याची तुलना साध्या बरोबरीच्या चिन्हाने करू नका, कारण तो शून्याशी समान ठरतो. चिन्हाचा बिट वेगळा पाहावा लागतो. पावतीवर उणे ०.००१ किलो हे "%.२एफ" ने -०.०० असे छापले जाते, जे पाहून शेतकरी साहजिकच विचारणा करतो. छापण्याआधी वजन दहा ग्रॅमच्या एककात पूर्णांक करून घेतले आणि शून्य आल्यास चिन्ह टाळले की हा प्रश्न मिटतो. अनंत आणि नॅन (संख्याच नसलेले उत्तर) या मूल्यांसाठी आजच्या लायब्ररी इन्फ आणि नॅन असे शब्द छापतात, विंडोजच्या जुन्या लायब्ररी वेगळ्याच खुणा छापत, आणि जेसनमध्ये तर या मूल्यांना जागाच नाही. स्ट्रिंग करण्याआधी संख्या सांत आहे का हे इजफायनाइटने तपासा आणि नसेल तर पावती न छापता दोष दाखवा.

शेवटी जे काटे आधीच केंद्रांवर बसवले आहेत त्यांच्याविषयी. कार्डावरील ०.००००१४ या मजकुरातून मूळ फॅक्टर परत काढता येणार नाही, कारण ०.००००१३५ ते ०.००००१४५ या दरम्यानचा प्रत्येक फॅक्टर असाच लिहिला गेला असता. काही काटे कमी मोजत असतील, काही जास्त. प्रत्येक काट्यावर प्रमाणित वजन ठेवून फॅक्टर नव्याने काढावा लागेल. मागच्या नोंदी मात्र वाया गेलेल्या नाहीत. वजन हे फॅक्टरच्या प्रमाणातच बदलते आणि टेअरची वजाबाकी चिपच्या आकड्यात होत असल्याने ती या चुकीपासून अलिप्त आहे. म्हणून नोंदवलेल्या वजनाला नव्या फॅक्टरने गुणून ०.००००१४ ने भागले की खरे वजन मिळते: ३९.०५ चे ४०.००, छापील दोन स्थळांमुळे येणारा काही ग्रॅमांचा फरक सोडून. लोडसेल त्यानंतर बदलला नसेल तर काटा पहिल्यांदा बंद करून चालू केला त्या दिवसापासूनच्या नोंदी या पद्धतीने दुरुस्त करून प्रत्येक उत्पादकाची येणे-देणे रक्कम काढता येईल, आणि ती काढून डेअरीच्या हाती द्यावी असे मी आवर्जून सांगेन.